महागेंड्याची वामकुक्षी

माझे काका तीन कोटी वर्षांपूर्वी घोरत होते आणि ते घोरणं टीव्हीवर असंख्य लोकांनी ऐकलेलं आहे. ही थाप नाही. मी पोहायला शिकवते. दिवसभर तलावाच्या काठावर उभं राहून ओरडणं हेच माझं काम. थापा मारायला जो हळू, गोड आवाज लागतो तो माझ्याकडे नाहीच.

काका म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. ते शहरात बस चालवायचे. मावशी चित्रपटांसाठी आवाज काढायची. गाण्याचे नव्हेत, नुसते आवाज. पडद्यावर नायक जिना चढायचा तेव्हा पाय त्याचे असायचे, पण पावलं मावशीची. एका बंद खोलीत वाळू, खडी आणि फळ्यांचे चौकोन केलेले होते, आणि पडद्याकडे बघत ती निरनिराळे बूट घालून त्यांवर चालायची. कुणाचं हाड मोडायचं असेल तर ती गाजर मोडायची. कुणाच्या डोक्यात काठी बसली की इकडे कोबी फुटायचा. मार खाल्लेल्या या सगळ्या भाज्या संध्याकाळी घरी यायच्या आणि सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलेल्या मला त्या खाव्या लागायच्या. "हा खलनायकाचा गुडघा आहे, टाकायचा नाही," असं म्हणत ती वाढायची.

बायको अशी दिवसभर खडखडाट करणारी, तर काका कायम मिठाची गुळणी धरून बसलेले. त्यांच्या बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती आणि ती घरातही लागू आहे अशी त्यांची समजूत असावी. "हं", "बघू" आणि "वाढ थोडं" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. एका बाबतीत मात्र ते हटून बसायचे. आपण झोपतो, हेच त्यांना मान्य नव्हतं. रविवारी जेवून आडवे झाले की बघता बघता खिडकीची तावदानं थरथरायला लागायची. मावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, कूस बदला!" लगेच उत्तर यायचं, "मी जागाच आहे." मावशी म्हणायची, "मग उठा की." ते अर्थातच उठायचे नाहीत. हे दर रविवारी व्हायचं, याच शब्दांत. बस चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं तो अब्रूचा प्रश्न होता.

मी शाळेत होते तेव्हा एका वाहिनीनं प्राचीन सस्तन प्राण्यांवर मालिका काढली. डायनोसॉर संपल्यावर पृथ्वी कुणाच्या ताब्यात गेली, त्याची ती गोष्ट. कुत्र्याएवढे घोडे, इवलेसे मागचे पाय शिल्लक असलेले देवमासे, सुरीसारख्या सुळ्यांची मांजरं. आमच्या घरी तिला 'हत्तींच्या खापरपणजोबांचा कार्यक्रम' म्हणायचे. प्राणी संगणकावर बनवलेले होते आणि संगणकातून ते मुकेच बाहेर पडले. त्यांना आवाज द्यायचं काम मावशीकडे आलं. दिग्दर्शक तिला म्हणाला, "यांचा आवाज कुणीच ऐकलेला नाही. तुम्ही काढाल तो बरोबर." एवढी मोकळीक मिळाल्यावर कुणीही चेकाळेल. मावशीही चेकाळली.

घोडे झाले, मासे झाले, अडलं ते महागेंड्यापाशी. हा आजच्या गेंड्याचा बिनशिंगी थोराड नातलग. दुमजली घराच्या वरच्या खिडकीत सहज डोकावेल एवढा उंच. तिसऱ्या भागात तो भर दुपारी झाडाखाली घोरत पडलेला असतो, मग एक लांबलचक हुंकार देतो, उठतो आणि अख्खा पडदा भरून टाकतो. मावशीनं चामड्याच्या पिशव्या ओढल्या, लोहाराचा भाता आणला, टायरमधली हवा सोडली. दिग्दर्शक नुसता मान हलवायचा. शेवटी एका रविवारी ती वैतागून दुपारची घरी आली आणि दारातच थबकली. आत काका 'जागे' होते.

तिनं टेपरेकॉर्डर त्यांच्या उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी ते घोरणं चौपट संथ केलं आणि महागेंड्याच्या घशात घातलं. दिग्दर्शक म्हणे खुर्चीवरून उठून उभाच राहिला. मालिकेतलं तेच लोकांना सगळ्यांत जास्त आवडलं. शाळेच्या मैदानात पोरं मातीत लोळून महागेंडा करायची आणि मी, त्या महागेंड्याची सख्खी भाची, गप्प बसून बघायची. गप्प, कारण काकांनी शब्द घेतला होता. "बाहेर कुणाला बोलायचं नाही. ड्रायव्हर झोपतो हे कळलं तर माझ्या बसमध्ये कोण बसेल?" एवढं लांब काका एका दमात बोलले म्हटल्यावर मावशी हादरलीच. तिनं शब्द दिला आणि आम्हालाही द्यायला लावला. मालिका लागली तेव्हा ते आमच्या मधोमध बसून म्हणाले, "हा प्राणी घोरतो. मी नाही."

तीन वर्षांपूर्वी काका गेले. झोपेत गेले, असं डॉक्टर म्हणाले. "त्यांनी हे ऐकलं असतं तर भांडले असते," मावशी म्हणाली.

त्यानंतर आमच्या लक्षात आलं की काकांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. मोबाइल आल्यापासून त्यांचे व्हिडिओ पुष्कळ निघाले, पण मोबाइल समोर धरला की काका फोटो काढून घेत असल्यासारखे ताठ उभे राहायचे. सगळे व्हिडिओ तसेच आहेत. मागचं झाड हलतं, काका हलत नाहीत. घोरण्याची मूळ टेप स्टुडिओनं तेव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती. उरला तो मालिकेचा तिसरा भाग, निवेदकाच्या बडबडीखाली आणि संगीताखाली दबलेला. मावशी तो दर रविवारी दुपारी लावायची. एकदा वाटाणे सोलता सोलता ती मला म्हणाली, "घोरणं तरी आहे गं. बोलण्याचा आवाज मला आठवेनासा झालाय. आठवायला जाते तर माझाच आवाज ऐकू येतो." मी वाटाणे सोलले.

आणि मग वाहिनीचा फोन आला. मालिका पुन्हा दाखवणार होते, पण आधी शास्त्राच्या कसोटीवर घासूनपुसून. इतक्या वर्षांत नवी हाडं सापडली होती, जुने समज मोडले होते. एका वस्तुसंग्रहालयातल्या तज्ज्ञ बाई चुका दाखवणार आणि आवाजांच्या चुका मावशीनं स्वतः दुरुस्त करायच्या. मावशी हरखली. बुटांची जुनी पेटी तिनं माळ्यावरून काढायला लावली. गाडी मी चालवली, पेटीही मीच उचलली, आणि वाटेतच तिनं त्या तज्ज्ञ बाईंचं नाव हाडंबाई ठेवून टाकलं.

हाडंबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी शाळेत असताना ही मालिका बघितली, म्हणून या कामात आले."

"आणि आता तीच खोडायला निघालात?" मी विचारलं. हे मी हळू विचारलं असं माझं मत आहे.

"आवडत्या गोष्टीतली चूक जास्त टोचते," त्या हसून म्हणाल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या नाहीत.

खोलीत आणखी एकच माणूस होता. भल्यामोठ्या बटणांच्या फळ्यामागे बसलेला एक टक्कलवाला, मावशीच्या जुन्या ओळखीचा. ती त्याला बटणराव म्हणायची. वाहिनीच्या गोदामातून त्यानं मालिकेचा एकेक आवाज सुटा सुटा काढून आणला होता; संगीत वेगळं, निवेदक वेगळा, मावशी वेगळी.

पहिला भाग लागला आणि हाडंबाईंनी पहिल्याच दृश्याला हात वर केला. "हे गवत काढावं लागेल. त्या काळी अशी कुरणंच्या कुरणं नव्हती, दाट जंगल होतं." गवत चित्रवाल्यांच्या वाट्याला गेलं. मग ते कुत्र्याएवढे घोडे खडकावरून टपटप करत आले.

"याला खूर नव्हते," हाडंबाई म्हणाल्या. "पुढच्या पायांना चार-चार बोटं होती आणि खाली मऊ गादी. टपटप होणारच नाही."

मला वाटलं, मावशी आता उसळणार. त्या टपटपीसाठी तिनं एका जोडाच्या टाचा झिजवल्या होत्या. पण तिनं डोळे बारीक करून विचारलं, "गादी कुत्र्यासारखी का?" हाडंबाई म्हणाल्या, "जवळपास तशीच." मावशी उठली, पेटीतून मऊ कातड्याचे हातमोजे काढले, खोक्यातल्या मातीवर थोडं पाणी शिंपडलं आणि बोटांच्या टोकांनी पडद्यावरच्या घोड्याबरोबर चालू लागली. थप् थप्, अगदी दबकत. हाडंबाई लहान मुलीसारख्या पुढे सरकून बघत बसल्या.

मग देवमाशांचं गाणं गेलं. ते मावशीनं ओला फुगा चोळून काढलं होतं आणि मला पाठ होतं. हे आदिम मासे असं गात असतील याला आधार नाही, असं हाडंबाई म्हणाल्या. मग सुळेवाल्या मांजराची डरकाळी गेली. "झडप घालायच्या आधी कोण ओरडेल? सावज काय थांबून राहील?" मला तोंड फुगवून बसण्यापलीकडे काम नव्हतं. माझं बालपण डोळ्यांदेखत पुसलं जात होतं आणि माझीच मावशी फडकं हातात घेऊन मदत करत होती. ती तर रंगात आली होती. कुठला आवाज कशातून काढला ते हात हलवून हलवून सांगत होती.

तिसरा भाग जेवणानंतर लागला. महागेंडा दिसला आणि मावशीचे हात मांडीवर आले.

"हा असा आडवा पडून गाढ घोरला नसता," हाडंबाई म्हणाल्या. "हत्ती बघा. रानात ते थोडंसंच झोपतात, तेही बरेचदा उभ्यानं. एवढं धूड एकदा आडवं झालं की उठवायचं कसं?"

"आमच्याकडे दर रविवारी तोच प्रश्न होता," मावशी पुटपुटली. ते फक्त मला ऐकू आलं.

"हे घोरणं कशाचं आहे?"

"चामड्याची पिशवी," मावशी म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच ती खोटं बोलली, आणि अगदी वाईट बोलली. मग घाईघाईनं म्हणाली, "तेवढं राहू द्या ना. बाकी सगळं काढा. घोडा काढा, मासा काढा, मी हूं का चूं केलं नाही. एवढं एक राहू द्या."

"पण का?"

मावशी पेटीतले बूट उगाच लावायला लागली. कारण सांगायचं म्हणजे शब्द मोडायचा, आणि ज्याला शब्द दिला तो माणूस आता त्यातून मोकळं करायला नव्हता. मला ते बघवेना. मी म्हणाले, लोकांना आवडतं ते, एवढं कुणाचं काय बिघडतंय. बंद खोलीत माझा आवाज जरा जास्तच झाला असावा, कारण बटणरावांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"माझंच बिघडलं," हाडंबाई शांतपणे म्हणाल्या. "महागेंडा गाढ झोपून घोरायचा, असं मी कॉलेजात असताना छातीठोकपणे सांगायची. एका परिषदेत भर सभेत एकानं विचारलं, पुरावा काय? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुरावा म्हणजे हा कार्यक्रम. सगळी सभा हसली."

म्हणजे आमच्या काकांच्या वामकुक्षीवर एक परिषद होऊन गेली होती. एरवी मी खो-खो हसले असते. पण बाईंचं म्हणणं खरं होतं, आणि मावशीलाही ते कळत होतं.

"आणि हा हुंकार," हाडंबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा बरं." बटणरावांनी लावला. निवेदक नाही, संगीत नाही, नुसता तो जड, ओढलेला आवाज. त्याच्या आधी कुठूनतरी एक लांब सूं आली, तो वारा आहे असंच आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो. "ऐकलंत? सुरुवातीला ओठ मिटतात. मग जीभ वर टाळूला लागते. मग पुन्हा. गेंडा एवढी कसरत करणार नाही. पिशवी तर नाहीच नाही." त्यांनी वळून विचारलं, "याचा वेग वाढवता येईल का?"

मावशी ताडकन उभी राहिली. मला वाटलं, आता ही पेटी उचलून निघणार. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"चौपट," ती बटणरावांना म्हणाली. "बरोब्बर चौपट करा. संथ मीच केलं होतं. ते उलटं करता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेप पुसली म्हणजे संपलं, असंच धरून बसले मी."

बटणरावांनी काहीतरी फिरवलं. खोलीत कुणीतरी घोरायला लागलं. प्राणी नव्हे, जेवून तृप्त झालेला एक मध्यमवयीन माणूस, शेवटी बारीक शिट्टी वाजवणारा. मग ती वाऱ्याची सूं आली, पण तो वारा नव्हता. लांबून, स्वयंपाकघरातून एक तरुण बाई ओरडली, "अहो, कूस बदला!"

आणि काका म्हणाले, "मी जागाच आहे."

तुकडा तिथं संपला. बटणराव फस्सकन हसले आणि मावशीचा चेहरा बघून थांबले. हाडंबाईंनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे हे," मावशी म्हणाली. "झोपलेले नाहीत. जागेच आहेत."

शब्द तिनं पाळला. मग ती रडली. चोरून नाही, लपवून नाही, चांगली हमसून रडली, आणि नाक पुसायला मी रुमाल दिला तो तिनं हातातच धरून ठेवला. मीही रडले. आमच्या दोघींच्या आवाजानं बटणरावांच्या सगळ्या यंत्रांचे काटे हलत होते. थोड्या वेळानं मीच हाडंबाईंना सगळं सांगितलं; काकांचं, बसचं, रविवारचं. सांगताना मला काही वाटलं नाही. ज्याची अब्रू जपायची त्यानंच येऊन आपली बाजू मांडली होती.

हाडंबाईंनी आपली टिपणं चाळली. मग म्हणाल्या, "मावशी, तरीही हे महागेंड्याला देता येणार नाही हो."

त्या क्षणी त्यांना उचलून खोल पाण्यात टाकावं असं मला वाटलं.

"नाहीच देता येणार," मावशी म्हणाली. "चूक आहे ती. काढा."

"पण शेवटचा भाग आठवतोय? गुहेत माणसं झोपली आहेत, बाहेर बर्फ आहे, आणि वर नुसतं संगीत. माणूसही सस्तन प्राणीच आहे. तो घोरायचा, याला माझी काही हरकत नाही. त्या गुहेत कुणीच घोरत नव्हतं म्हणाल, तर तेच मला पटणार नाही."

मावशीनं विचार केला. "घोरणं घ्या," ती म्हणाली. "बोलणं नको. ते घरचं आहे. आणि नाव बिव लावायचं नाही. ड्रायव्हर होते ते."

महागेंड्याचं काम तिनं त्याच दिवशी संपवलं. आता तो आडवा पडत नाही. उभ्या उभ्या डुलकी घेतो आणि आवाज येतो तो फक्त कानांचा. मावशीनं ओल्या चामड्याचा तुकडा मध्येच एकदा झटकलाय. हुंकार नाही, काही नाही. मला सांगायला आवडत नाही, पण तो पूर्वीपेक्षा जास्त मोठा वाटतो. गुहेतलं दृश्यही छान झालंय. बर्फ पडतो, विस्तव धुमसतो आणि कोपऱ्यात पाठ करून झोपलेला एक केसाळ माणूस शेवटी बारीक शिट्टी वाजवत घोरतो. हाडंबाईंना त्यात एकही चूक सापडली नाही.

बटणरावांनी तो मूळ तुकडा मावशीच्या मोबाइलमध्ये घालून दिला. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. जेवण झाल्यावर तिनं मोबाइल आतल्या खोलीत काकांच्या उशीवर ठेवला आणि माझ्याबरोबर भांडी आवरायला आली. आतून घोरणं सुरू झालं. मावशीनं तोंड उघडलं, पण तरुणपणची ती आधीच ओरडून मोकळी झाली होती. "अहो, कूस बदला!"

"मी जागाच आहे."

"मग उठा की," मावशी म्हणाली.

ते उठले नाहीत. चहा मी टाकला.